कुडाळात फ्लॅट घेण्याआधी

प्रिय बाळ्या,

काय रे, बरो मा? डोंबिवली सोडून कुडाळात फ्लॅट घ्यायचं चाललंय म्हणतोस, वहिनी पण तयार आहेत म्हणे. म्हटलं सगळं लिहूनच पाठवूया, फोनवर तू मला बोलू कुठे देतोस!

वरवर बघशील तर खूशच होशील. हायवे चौपदरी झालाय, ओरोस, सावंतवाडी पटकन होतं, २०२१ पासून चिपीला विमानतळ आहे (विमानं किती नि कधी हा वेगळा विषय), डॉक्टर, क्लासेस, मॉल टाईप दुकानं सगळं आलंय. २०१६ ला नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली, सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, १७ प्रभाग झाले. आणि गाव एकदा नगर झालं की योजनाच बदलतात बघ. जलजीवन मिशन गावांसाठी, तिथे माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात, शहराचा हिशोब १३५ चा. घरकुलाचं अनुदान पण गावापेक्षा शहरात जास्त. म्हणजे कागदावर फायदाच. ग्रामसभा तेवढी गेली रे. आरडाओरडा व्हायचा, कोण कोणाचं ऐकायचं नाही, पण गटाराचा विषय निघाला की सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लागायचं.

पण मला बोलायचंय ते जमिनीखालचं. आपल्याकडे अजून बिल्डिंग म्हटली की सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा, आणि खाली जांभा, म्हणजे चाळणीच. पूर्वी एका परड्यात एक घर, चार-पाच माणसं, बाव (विहीर रे) एका टोकाला नि संडास दुसऱ्या टोकाला, खपून जायचं. आता त्याच जागेत २४ फ्लॅट, घरटी चार माणसं धर, १३५ लिटरने रोजचं जवळपास १३ हजार लिटर पाणी झालं, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे रोजचं दहा हजार लिटर! जाणार कुठे ते?

आमच्या शेजारच्या काकींची चिऱ्याने बांधलेली बाव आठवते ना, मे महिन्यात अख्खी वाडी पाणी न्यायची. बाजूच्या मळ्यात भराव टाकून बिल्डिंग उभी राहिली आणि पुढच्याच्या पुढच्या पावसात पाण्याला वास यायला लागला, कळशी रात्रभर ठेवली की सकाळी वर पातळ तवंग. पाणी तपासून आणलं तर कॉलिफॉर्म, म्हणजे मैलापाणी मिसळल्याची खूण असलेले जंतू, निघाले. आता काकी ते पाणी फक्त अबोलीला नि माडांना घालतात आणि प्यायला वीस लिटरचे जार विकत. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो रे आपल्याकडे! वर त्या भरावाने व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी अडलंय, ते आता रस्त्यावरून जातं. बिल्डर केव्हाच पुढच्या साईटवर गेला.

लहान गावाला जमत नाही हे मी मानत नाही हां. वेंगुर्ल्याने कचरा घरातच वेगळा करायला लावून डम्पिंग ग्राउंडची बाग केली, लोकं बघायला येतात. पण कचरा दिसतो, टाकी दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची फीत कोण कापणार?

म्हणून तू सॅम्पल फ्लॅटमधल्या टाईल्स नि मॉड्युलर किचन बघत बसू नको. सेप्टिक टाकी किती लिटरची, ती कोण नि कधी उपसणार (दोन-तीन वर्षांनी उपसायलाच लागते), मैल्याचा टँकर आत येईल एवढी वाट ठेवलीय का, बोअर टाकीपासून किती लांब, हे विचार. बिल्डर हसला तर समज. आणि मे मध्ये साईट बघायला येऊ नको, आंबे खाऊन सगळंच छान वाटतं. जुलैत ये, भंगसाळ नदी भरलेली असताना, आपण बाईकवरून साईटला जाऊ आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघू. रेनकोट आण, माझा फाटलाय.

तुझोच,
दादू