शिक्षा कोचला करा, पोरांच्या सीझनला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या कुठल्यातरी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमवर कारवाई झाली, इतके विजय रद्द, इतक्या स्कॉलरशिप कमी, वर्षभर बॅन, अशा बातम्या आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून चार ओळीत येऊन जातात आणि वाचणारा म्हणतो बरं झालं, नियम मोडला ना, मग भोगा. मी स्वतः नियमाच्याच बाजूचा माणूस आहे, रत्नागिरीत संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतो आणि ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल न टप्पे देता पावलं टाकणं, झालं तर माझ्याच पोराविरुद्ध शिट्टी मारतो. पण त्या चार ओळीत एक गोष्ट कधीच नसते, की ही शिक्षा नक्की भोगली कोणी. ते लिहायचं म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय, जमलं तर कापू नका.

तिकडे कॉलेजच्या खेळांवर एनसीएए नावाची संस्था लक्ष ठेवते. खेळाडूला गुपचूप पैसे दिले, परीक्षेत मदत केली, भरतीच्या वेळी नको ती आमिषं दाखवली, की चौकशी लागते आणि ती चालते वर्षानुवर्षं. सगळा घोळ या वर्षानुवर्षंमध्येच आहे. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. लॅमॉन्ट इव्हान्स नावाचा तिथला सहायक कोच लाच घेत होता, आपल्या खेळाडूंना ठराविक आर्थिक सल्लागारांकडे वळवायचं आणि त्याचे पैसे खिशात घालायचे. सप्टेंबर 2017 मध्ये एफबीआयने त्याला पकडलं, युनिव्हर्सिटीने लगेच काढून टाकलं, 2019 मध्ये त्याला तीन महिन्यांची कैदही झाली. इथपर्यंत ठीक, केलं त्याने भरलं त्याने. पण एनसीएएचा निकाल आला जून 2020 मध्ये, आणि त्यात काय, तर टीमला एक वर्ष पोस्टसीझन बंदी, म्हणजे सीझन संपल्यावर जी मोठी नॉकआउट टुर्नामेंट असते, जिच्यासाठी ही पोरं लहानपणापासून घाम गाळतात, तिथे खेळायचंच नाही. कॉलेजने अपील केलं, ते नोव्हेंबर 2021 मध्ये फेटाळलं, तेही सीझन तोंडावर आलेला असताना, म्हणजे पोरांना दुसरीकडे जायलासुद्धा वेळ नाही. आता बघा, लाच घेतली गेली सप्टेंबर 2017 च्या आधी आणि मार्च 2022 मध्ये घरी बसली ती पोरं, जी त्या काळात त्या कॉलेजात नव्हतीच! आपल्याकडे म्हण आहे ना, करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, तसला प्रकार झाला हा.

लुइव्हिलचं तर मला वाचतानाच वाईट वाटलं होतं. त्या युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल विभागातला एक माणूस खेळाडूंच्या हॉस्टेलवर बायका बोलवून पार्ट्या करायचा, आणि भरतीच्या आधी कॉलेज बघायला म्हणून आलेली शाळकरी पोरंही त्यात असायची. अत्यंत घाणेरडं प्रकरण, त्याची शिक्षा व्हायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. प्रकरण बाहेर आल्यावर युनिव्हर्सिटीने फेब्रुवारी 2016 मध्ये स्वतःहूनच त्या वर्षीची पोस्टसीझन बंदी लावून घेतली, हेतू असा की आपणच थोडी शिक्षा घेतली तर पुढे एनसीएए नरमाईने घेईल. त्या टीममध्ये डेमियन ली आणि ट्रे लुइस असे दोन खेळाडू होते, दोघं दुसऱ्या कॉलेजातून डिग्री घेऊन फक्त शेवटच्या एका वर्षासाठी तिथे आलेले, कारण त्यांना एकदा तरी त्या मोठ्या टुर्नामेंटमध्ये खेळायचं होतं. टीम चांगली खेळत होती. आणि फेब्रुवारीत त्यांना सांगितलं गेलं की संपलं. हॉस्टेलवरच्या त्या पार्ट्या चालू होत्या तेव्हा ही दोघं वेगळ्याच शहरात वेगळ्याच कॉलेजात शिकत होती. मोठ्या माणसांनी स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून या दोन पोरांचं एकमेव वर्ष दिलं, मला तरी याला दुसरं नाव सुचत नाही.

आणि एवढं करून शिक्षा टळली का? नाही टळली. फेब्रुवारी 2018 मध्ये एनसीएएने लुइव्हिलचं 2013 चं विजेतेपदच काढून घेतलं, सोबत 123 विजय रेकॉर्डमधून गेले, हॉलमधला बॅनर उतरवला. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये विजेतेपद काढून घ्यायची ती पहिलीच वेळ. त्या टीममधले काही खेळाडू कोर्टात गेले, 2019 मध्ये तडजोड होऊन त्यांचे वैयक्तिक आकडे आणि सन्मान परत मिळाले, विजेतेपद नाही मिळालं ते नाहीच. हेड कोच रिक पिटिनो यांनी आपल्याला काहीच माहीत नव्हतं असं सांगितलं, एनसीएएने लक्ष ठेवलं नाही म्हणून त्यांना पाच मॅचचं निलंबन दिलं. विजेतेपद जायच्या आधीच, 2017 मध्ये, भरतीच्या दुसऱ्या एका प्रकरणात त्यांची नोकरी गेली, पण नंतर ते ग्रीसमध्ये कोच झाले, मग परत अमेरिकेत आयोना आणि मग सेंट जॉन्स या कॉलेजांत. कोचला पुढचं कॉलेज मिळतं हो. पोराला बावीसावं वर्ष परत मिळत नाही.

कोणी म्हणेल की टीमला झळ बसल्याशिवाय कॉलेज सुधारत नाही. हे मी आपल्याकडच्याही शिक्षकांकडून ऐकलंय आणि त्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. केंटकी युनिव्हर्सिटीला 1952-53 चा अख्खा सीझन खेळता आला नव्हता, त्याच्या आधी तिकडे खेळाडूंनी पैसे घेऊन मॅचमधला गुणांचा फरक कमी-जास्त करायची मोठी भानगड निघाली होती, आणि खुद्द खेळाडूच त्यात होते. जिथे खेळाडूंनीच खाल्लंय तिथे त्या खेळाडूंना शिक्षा करा, अगदी कडक करा, मी कोणाची बाजू घेणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की केलेलं ज्याचं त्याच्याच पदरात टाका, आणि ते करता येतं, तिकडच्याच नियमात त्याची सोय आहे.

त्याला शो-कॉज म्हणतात. आपल्या ऑफिसात कारणे दाखवा नोटीस येते तसलं ते नाही, नीट समजून घ्या. एखाद्या कोचवर पाच किंवा दहा वर्षांचा शो-कॉज लागला की तो जिथे नोकरी मागायला जाईल त्या कॉलेजला एनसीएएपुढे उभं राहून सांगावं लागतं की या माणसाला घेतल्याबद्दल आमच्यावर निर्बंध का येऊ नयेत. म्हणजे शिक्षा कॉलेजच्या नावाला न चिकटता माणसाच्या मागे फिरते. बेलर युनिव्हर्सिटीचे कोच डेव्ह ब्लिस यांच्यावर असा दहा वर्षांचा लागला होता. 2003 मध्ये त्यांच्या टीममधल्या पॅट्रिक डेनेही या खेळाडूचा खून झाला, आणि त्याची फी आपण नियमाबाहेर भरत होतो हे लपवायला या कोचने बाकीच्या खेळाडूंना सांगायला लावायचा प्रयत्न केला की तो ड्रग्ज विकायचा, त्यातून पैसे आले. मेलेल्या पोरावर आळ! हे उघडं पडलं ते एबार राऊज नावाच्या ज्युनियर सहायक कोचमुळे, त्याने ते बोलणं टेप केलं होतं. बेलरच्या बाबतीत एक गोष्ट चांगली झाली, ज्यांना जायचं होतं त्या खेळाडूंना वर्ष न घालवता दुसऱ्या कॉलेजात जाऊन खेळू दिलं. पण 2005-06 मध्ये टीमला आपल्या गटाबाहेरच्या मॅचेस खेळायची बंदी आलीच. आणि खरं बोललेल्या राऊजला कोचिंगच्या धंद्यात परत कोणी नीट उभं केलं नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण यातून बाकीचे सहायक कोच काय शिकले असतील ते सांगायला नको.

थोडी सुधारणा होतेय, तेही लिहायला हवं. 2022 मध्ये एनसीएएने घटना बदलली त्यात लिहिलं की शक्य तितकं निर्दोष खेळाडूंना शिक्षेची झळ बसू नये. 2023 मध्ये टेनेसीच्या फुटबॉल टीमच्या प्रकरणात बंदीऐवजी 80 लाख डॉलरहून जास्त दंड लावला. कॅन्ससच्या बास्केटबॉलवरही त्याच वर्षी निकाल आला, जुने 15 विजय आणि 2018 ची फायनल फोर, म्हणजे त्या मोठ्या टुर्नामेंटच्या शेवटच्या चार टीममधली जागा, गेली पण निकालाच्या वेळी खेळत असलेल्या पोरांची मार्चमधली टुर्नामेंट वाचली. पैशाचा विषय तर आता पुरा उलटलाय, 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवू शकतात आणि 2025 पासून कॉलेजंच त्यांना थेट पैसे देतात, त्यामुळे ज्या पाकिटांपायी जुने बॅनर उतरवले गेले त्यातली बरीच आता राजरोस चालतील. तो वेगळा विषय, सोडून देतो.

आता आपल्याकडे येतो, कारण मला अमेरिकेची चिंता करायची हौस नाही. आपल्याकडे लाखो डॉलर नाहीत. आपल्याकडे चिऱ्याच्या कंपाउंडच्या आत एक सिमेंटचं कोर्ट असतं, खाऱ्या वाऱ्याने रिंगला गंज चढून तिची पापुद्र्यासारखी साल निघते, नेट वर्षभरात कुजतं, आणि झोनल स्पर्धा जवळ येतात तेव्हा पाऊस चालू असतो, पोरं प्रॅक्टिसच्या आधी अर्धा तास खराट्याने शेवाळं घासून काढतात, नाहीतर लेअपला, म्हणजे पळत जाऊन बास्केट टाकताना, पाय सटकून हाड मोडायचं. एवढं करून टीम उभी राहते. आणि मग टीमबरोबरचा मोठा माणूस एलिजिबिलिटी फॉर्मवर, म्हणजे खेळाडू खेळायला पात्र आहे हे लिहून द्यायच्या कागदावर, गडबड करतो.

कोकणातल्याच एका कॉलेजात हे झालेलं मी बघितलंय, नाव लिहीत नाही. टीमच्या इनचार्जने शिक्षण संपलेल्या एका उंच पोराला दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या आयकार्डवर खेळवलं. फॉर्मवर फोटो बदललेला, कडेला स्टेपलरची जुनी दोन भोकं तशीच दिसत होती, शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर असतो तो जुळत नव्हता. समोरच्या टीमने हाफटाइमला तक्रार केली, टीम बाद झाली, ते योग्यच झालं. पण पुढच्या वर्षीही त्या कॉलेजची एंट्री घेतली नाही. इनचार्ज? तो दुसरीकडे बदलून गेला आणि तिथे परत टीम घेऊन स्पर्धेला यायला लागला. मागे राहिलेल्यात देवरुखकडचा एक डावखुरा पोरगा होता, पहाटेच्या एसटीने प्रॅक्टिसला यायचा, डाव्या बाजूने ड्राइव्ह करून बोर्डावर असा अलगद बॉल लावायचा की आवाज यायचा नाही. त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. झोनल नाही म्हणजे विद्यापीठाच्या निवड चाचणीला नाही, म्हणजे आंतरविद्यापीठ नाही, म्हणजे सर्टिफिकेट नाही, आणि नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण असतं त्यासाठी हातात दाखवायला कागदच नाही. त्याने काय केलं होतं? कोणाचा फोटो चिकटवला होता? आता तो लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, भेटला की बास्केटबॉलचं काही बोलत नाही, मीही काढत नाही.

आणि त्या वेळी टीममधल्या पोरांना माहीत होतं का, असं मला विचारतात. दोघातिघांना माहीत असणारच. पण अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, ज्याचे इंटर्नलचे मार्क, टीममधली जागा, प्रवासाचा भत्ता सगळं त्या एका सरांच्या हातात, ते तक्रार कोणाकडे करणार? प्रिन्सिपॉलकडे गेलं तर प्रिन्सिपॉल त्याच सरांना बोलवून विचारणार.

म्हणून विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आणि आपल्याकडच्या कॉलेजांच्या जिमखाना कमिट्यांना माझी आपल्या पेपरमधून विनंती आहे. फॉर्मवर ज्याची सही, शिक्षा त्याला, आणि ती त्याच्या नावावर लागू दे म्हणजे तो कुठल्याही कॉलेजात गेला तरी टीमबरोबर बेंचवर बसू शकणार नाही. बोगस खेळाडू खेळवला ती मॅच, ती स्पर्धा टीमची गेली पाहिजे, पण पुढच्या वर्षीची एंट्री बंद करू नका, करायचीच वेळ आली तर त्या पोरांना त्याच वर्षी दुसऱ्या कॉलेजकडून किंवा निदान थेट निवड चाचणीला उतरायची मुभा द्या. चौकशी त्याच सीझनमध्ये संपवा. आणि तक्रार करायला कॉलेजच्या बाहेरचा एखादा माणूस नेमा, ज्याचा फोन नंबर फॉर्मच्या पाठीवर छापलेला असेल, पोराने फोन केला तर त्याचं नाव कॉलेजला कळता कामा नये.

संपादक महाशय, आपल्या पेपरकडेही एक मागणं आहे. यापुढे अशी बातमी आली, अमेरिकेची असो नाहीतर आपल्या जिल्ह्यातली, तर कॉलेजवर बंदी एवढंच छापून थांबू नका, गैरप्रकार कोणत्या वर्षी झाला आणि बंदी कोणत्या वर्षीच्या खेळाडूंवर आली ही दोन वर्षं शेजारी शेजारी छापा, तेवढी जागा चार ओळींच्या बातमीतही असते.

आपला,
एक वाचक आणि बास्केटबॉल कोच, रत्नागिरी