पत्रा घातला, पण पाणी सोडायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यात नालेसफाईची पाहणी, तिची छायाचित्रे आणि तिच्यावरचे आरोप-प्रत्यारोप ठरल्याप्रमाणे सुरू होतात. नाल्यांत किती गाळ उरला याची चर्चा व्हायलाच हवी. मात्र नाल्यात येणारे बरेचसे पाणी आधी कुठल्या तरी गच्चीवर किंवा छपरावर पडलेले असते आणि तिथून ते खाली कसे उतरते, याकडे ना महापालिकेचे लक्ष असते ना गृहनिर्माण संस्थांचे. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कोपरी या भागांतील जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर आता सर्रास पत्र्याच्या शेड दिसतात. या शेडच्या पन्हळी, म्हणजे छपराच्या कडेने पाणी गोळा करून नेणाऱ्या नाळी, आणि पावसाच्या पाण्याचे उभे पाइप यांविषयी हे पत्र आहे.

शेड का घातल्या जातात हे समजण्यासारखे आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या चार मजली इमारतींचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा गच्चीवरील जलरोधक थर) तडकतो, वरच्या मजल्यावरच्या छताला ओल धरते, सळ्या गंजून फुगतात आणि प्लास्टरचे पोपडे खाली येऊ लागतात. दर काही वर्षांनी नवे वॉटरप्रूफिंग करण्यापेक्षा एकदाच पत्रा घातलेला बरा, असा ठराव सर्वसाधारण सभेत सहज मंजूर होतो. त्याला माझा विरोध नाही. परंतु पत्रा घातल्याने पाण्याचा संपूर्ण मार्ग बदलतो, ही गोष्ट त्या ठरावात कुठेच नसते. मूळ आराखड्यात गच्चीला चारी दिशांना ढाळ दिलेला असतो, कोपऱ्याकोपऱ्यांत जाळ्या असतात आणि तिथून पाइप खाली गेलेले असतात. खडबडीत कोब्यावरून पाणी रेंगाळत, विभागून या जाळ्यांपर्यंत पोहोचते. शेड आली की जुन्या जाळ्या छपराखाली कोरड्या पडतात आणि सगळेच पाणी गुळगुळीत पत्र्यावरून क्षणार्धात दोन बाजूंच्या वळचणीला येऊन आदळते.

हे पाणी किती असते याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीनशे चौरस मीटरचे छप्पर असलेल्या मध्यम आकाराच्या इमारतीवर तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळला, तर तासाला तीस हजार लिटर, म्हणजे मिनिटाला पाचशे लिटर पाणी खाली न्यावे लागते. आपल्याकडे जुलै महिन्यात पंधरा-वीस मिनिटे का होईना, हा वेग गाठला जातो. पन्हळ आणि पाइप किती मोठे असावेत हे वर्षाच्या एकूण पावसावर ठरत नाही. ते याच पंधरा-वीस मिनिटांवर ठरते. २०१६च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतील तक्ता सांगतो की, एवढ्या जोराच्या पावसात १०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे ज्याला आपण चार इंची म्हणतो तो, एक उभा पाइप सुमारे चाळीस चौरस मीटर छपराचेच पाणी उतरवू शकतो. म्हणजे वरच्या उदाहरणात असे किमान आठ पाइप हवेत. आमच्या परिसरातील शेडना बहुतेक ठिकाणी दोन आहेत, काही ठिकाणी तर एकच.

याचे कारण कंत्राटाच्या कागदात सापडते. शेडचा दर चौरस फुटावर ठरतो आणि पन्हळीचा दर रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर, वेगळा लावला जातो. सभेत घासाघीस सुरू झाली की चौरस फुटाच्या दराला कोणी हात लावत नाही, पन्हळ मात्र ‘नंतर बघू’ या शेऱ्याखाली जाते. शेड उभारणारा फॅब्रिकेटर लोखंडाच्या कामात तरबेज असतो. पाण्याचा हिशेब त्याला कोणी विचारत नाही आणि तो स्वतःहून सांगत नाही. पन्हळ घातलीच, तर तिला पाइपाच्या दिशेने ढाळ आहे का, पत्र्याची कड पन्हळीच्या आत पुरेशी आली आहे का, की जोराच्या सरीत पाणी तिच्यावरून उडी मारून पलीकडे पडते, हे पाहायला सहसा संस्थेचा कोणी माणूस शिडीवर चढत नाही.

आमच्या गल्लीतील एका इमारतीची पन्हळ मध्यंतरी दुरुस्तीसाठी उघडली, तेव्हा मी मुद्दाम वर गेलो होतो. पन्हळीच्या तोंडाशी कबुतरांनी काड्या, केबलच्या तारांचे तुकडे आणि पिसे यांचे घरटे रचलेले होते, त्याच्या मागे वीतभर काळा गाळ साचला होता आणि त्या गाळात पिंपळाचे रोप चांगले मूळ धरून उभे होते. त्याच्या खाली चार इंची पाइप निघाला होता खरा. पण दोन मजले उतरल्यावर एका वळणावर प्लंबरने हाताशी होता तो तीन इंची तुकडा जोडून काम निभावले होते. त्या सांध्याच्या वर पाणी तुंबत असे आणि क्लॅम्पसाठी भिंतीत पाडलेल्या भोकांतून ते आत मुरत असे. खालच्या घरातील मंडळी कित्येक पावसाळे शौचालयाच्या नळांना दोष देत होती.

हे नुकसान निदान त्याच इमारतीचे. पण ज्या शेडना पन्हळच नाही, त्यांचे पाणी शेजारच्या इमारतीच्या वेदर शेडवर (खिडकीवरच्या छज्जावर), दुकानाच्या फलकावर किंवा थेट पदपथावर धबाधबा कोसळते. चौथ्या मजल्याच्या उंचीवरून पडणाऱ्या त्या धारेखालून छत्री घेऊन जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची अवस्था स्टेशनकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर पाहता येईल. काही संस्था याहून सोपा मार्ग काढतात आणि शेडचा पाइप आवारातल्या मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडतात. मलवाहिन्या पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या नसतात. मुसळधार पावसात चेंबरची झाकणे उचलली जातात आणि तळमजल्याच्या घरांत जे पाणी उलटे येते, ते नुसते पावसाचे नसते. उलट प्रकारही तितकाच आढळतो. बाल्कनी खोलीत घेताना वॉशिंग मशीनचे आणि मोरीचे पाणी पावसाच्या पाइपात सोडले जाते आणि ते रस्त्यालगतच्या गटारातून खाडीत जाते.

आढ्याचे पाणी वळचणीला जाणारच. प्रश्न एवढाच की वळचणीपुढे ते कोणी न्यायचे, आणि याचे उत्तर नियमांत आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागात २०२०पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत छपराबाबत असे म्हटले आहे की, पावसाचे पाणी पुरेशा आकाराच्या पाइपांनी अशा रीतीने वाहून नेले पाहिजे की आपल्या किंवा शेजारच्या इमारतीच्या भिंतींना वा पायाला ओल येता कामा नये. हे पाणी पदपथाखालून बंद मार्गाने रस्त्याच्या गटाराला जोडून घेण्याची मागणी महापालिका करू शकते. दुसरीकडे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (कारभाराच्या नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेच्या खर्चाची बाब आहे. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सभासदाला ‘तुमचे तुम्ही बघा’ असे सांगण्याची काही संस्थांतील पद्धत उपविधींना धरून नाही. तीस वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे. परंतु माझ्या पाहण्यात आलेल्या अहवालांत खांब, तुळया आणि स्लॅब यांवर पानेच्या पाने असतात आणि पावसाच्या पाइपांवर जेमतेम एक ओळ. सळ्या गंजवणारे पाणी बऱ्याचदा याच पाइपांतून येते, हे पाहता ही एक ओळ फारच अपुरी आहे.

ज्या इमारतींवर शेड नाही, त्यांनीही निर्धास्त राहू नये. कठडा असलेल्या गच्चीची जाळी प्लास्टिकची पिशवी किंवा पानांनी बंद झाली आणि दहा सेंटिमीटर पाणी तुंबले, तर तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर तीस टनांचा भार एका रात्रीत येतो. जुन्या स्लॅबच्या बाबतीत ही गंमत नव्हे. कठड्यात जाळीच्या थोडे वर ओव्हरफ्लोचे भोक ठेवले, तर हा भार वाढत नाही आणि बाहेर पडणाऱ्या धारेवरून जाळी तुंबल्याचे खालूनच कळते. या भोकाला खर्च जवळजवळ नसतो. सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी बसवणेही तितकेच सोपे आहे.

पर्जन्यजल संधारणाचा मुद्दा इथे थोडक्यात मांडतो. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना ते बंधनकारक आहे. नीट पन्हळ असलेली शेड ही त्यासाठी उत्तम सोय आहे, कारण पहिल्या एक-दोन सरींचे मळके पाणी सोडून दिले की पुढचे बरेच स्वच्छ मिळते. खाडीलगतच्या भागांत पाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे पावसाळ्यात लवकर भरतात. तिथे टाकीत साठवून ते पाणी बागेसाठी आणि फ्लशसाठी वापरणे अधिक व्यवहार्य ठरेल.

महापालिकेला माझी विनंती अशी आहे की, शेडला परवानगी देताना लोखंडी सांगाड्याच्या नकाशाबरोबर पाण्याच्या निचऱ्याचा नकाशाही मागावा. पन्हळीचा आकार, उभ्या पाइपांची संख्या आणि ते जमिनीवर कोणत्या गटाराला जोडले जाणार, एवढी माहिती त्यात पुरेशी आहे. मे महिन्यात धोकादायक इमारतींना नोटिसा जातात, त्या वेळी प्रत्येक प्रभाग समितीने सोसायट्यांकडून जाळ्या, पन्हळी आणि पाइप साफ केल्याचे साधे लेखी पत्र घ्यावे आणि पदपथावर पाणी सोडणाऱ्या शेडना पावसाळ्यापूर्वी जोडणी करण्यासाठी मुदत द्यावी. संस्थांच्या कार्यकारिणींनी शेडच्या निविदेत पन्हळ आणि पाइप ही स्वतंत्र, वगळता न येणारी बाब म्हणून धरावी आणि अंतिम देयक देण्याआधी पन्हळीत बादलीभर नव्हे, चांगले टाकीभर पाणी सोडून ते शेवटच्या चेंबरपर्यंत पोहोचते का, हे पाहावे.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सभासद,
पाचपाखाडी, ठाणे (प.)