पश्चिमेची भिंत पाडू नका

पुणे, ३ फेब्रुवारी

ती. बाबा आणि सौ. आई यांस सा. न.

गावाकडच्या नव्या घराचा मिस्त्रीनं काढलेला नकाशा पाहिला. ९०० चौरस फूट, चार इंची स्लॅब, समोर मोठ्या काचेच्या खिडक्या आणि तुमची निजायची खोली मावळतीला. समोरून घर देखणं दिसेल, यात वाद नाही. पण हा नकाशा उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या माणसांसाठी आहे. तुमच्या गुडघ्यांना आता रोज जिना जमणार नाही. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत धग ओकत राहतात, म्हणजे नेमकं झोपायच्या वेळी. म्हणून काय बदलायचं ते लिहिते. मिस्त्रीला बसवून वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, जुन्या घराची पश्चिमेकडची खोली पाडू नका. बाकी पाडा, ती ठेवा. तिची भिंत दीड फूट जाड मातीची आहे आणि नव्या घराला ती आयती सावली देईल. आपल्या वर्ध्याचा अक्षांश पावणेएकवीस अंशांच्या आसपास. साधारण २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्या दिवसांत भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, अंगणातल्या खांबाची सावली त्याच्या बुडातच राहते. म्हणजे दुपारचं ऊन छपरावर पडतं, दक्षिणेच्या भिंतीला ते फारसं लागतच नाही. चार वाजल्यानंतर मात्र सूर्य तिरपा होऊन पश्चिमेची भिंत भाजतो आणि तिथे छज्जा काही कामाचा नाही, ऊन छज्जाखालून सरळ आत येतं. तिथे आडोसाच लागतो. त्या खोलीत धान्य, कुटार (भुसा), अवजारं ठेवा. तुमची निजायची खोली ईशान्येला घ्या, आणि पश्चिमेला जे उघडं उरेल तिथे न्हाणी, संडास आणि जिना.

त्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. मिस्त्री म्हणेल, 'एकदाच पक्कं करून टाकू.' मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं वाट बंद झाली की ओल आत साचते, दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि सोबत मातीही घेऊन येतात. त्यापेक्षा चाळलेली माती, तिच्यात बारीक कुटार आणि शेण घालून सात-आठ दिवस भिजत ठेवा, रोज एकदा तुडवा, मग दोन हातांत लिंपा. पहिला हात पूर्ण वाळून भेगा दिसू द्या, दुसरा त्यावर. खालचा दोन फुटांचा भाग पावसाच्या शिंतोड्यांनी खचतो, तिथे बाहेरून दगडाचा थर चुन्यात बांधा.

आता पाया. समोरच्या भागावर हात आखडा, पण पायावर आखडू नका. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. गावातल्या नव्या घरांना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा गेलेल्या दिसतात ना, त्या बहुधा विटेच्या दोषाच्या नसतात. एक कोपरा फुगतो, दुसरा बसतो, मधली भिंत फाटते. तुमच्या जागेची माती किती फुगते ते घरीच बघता येईल. पायाच्या खड्ड्यातली माती वाळवून कुटा आणि मैद्याच्या चाळणीनं चाळा. एकसारखे दोन उभे, सरळ काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत दोन-दोन चमचे माती. एकात पाणी, दुसऱ्यात घासलेट. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. घासलेटात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर घासलेटातल्या थराच्या दीडपट किंवा जास्त उंच झाला तर जमीन फार फुगरी समजायची. तसं निघालं तर फोटो पाठवा, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खोदायचं उन्हाळ्यात, भेगा उघड्या असताना, आणि कडक पिवळा मुरूम लागेपर्यंत. चार-पाच फुटांत मुरूम लागला तर चांगलंच. आठ-दहा फूट काळीच निघाली तर साधा पाया चालणार नाही. मग बुडाशी फुगा असलेले काँक्रीटचे खांब, ज्यांना अंडररीम पाइल म्हणतात, ते घालून त्यावर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची आडवी काँक्रीटची तुळई, टाकायची. अशा वेळी बीमच्या खाली दोन-तीन इंच पोकळी सोडावी लागते, नाहीतर फुगलेली माती बीमला खालून उचलते. मिस्त्री लोक ही पोकळी हमखास विसरतात.

भरावात खोदलेली काळी माती परत टाकू देऊ नका. ट्रॅक्टरचं भाडं वाचवायला हेच करतात. मुरूम आणा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट दाबा. जोतं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच ठेवा आणि घराभोवती चार फूट रुंद फरशीचा पट्टा, बाहेर उतार देऊन. पायाशी पाणी मुरलंच नाही तर फुगणं-आवळणं बरंच कमी होतं. कडुनिंब पायाला खेटून लावू नका. पाच-सहा मीटर दूर, पश्चिमेच्या बाजूला लावा. झाड मुळांनी जमिनीतली ओल ओढतं आणि त्या बाजूचा पाया बसतो.

भिंतींसाठी राखेची वीट घ्या. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांची राख असल्यामुळे आपल्या भागात ती सहज मिळते आणि माती भाजायला लाकूड-कोळसा लागत नाही. शिवाय सगळ्या विटा एका मापाच्या असतात, आणि ते इथे महत्त्वाचं आहे. मिस्त्रीला विचारा, रॅट ट्रॅप बाँड येतो का. त्यात वीट आडवी न ठेवता धारेवर उभी करतात. नऊ इंच भिंतीच्या पोटात तीन इंचांची पोकळी राहते, ती धग अडवते, आणि विटा साधारण पाव भाग कमी लागतात. भट्टीची वाकडीतिकडी वीट यात बसत नाही. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा, लिंटेलखालचा (दारा-खिडकीवरच्या आडव्या पट्टीखालचा) आणि स्लॅबखालचा शेवटचा थर भरीवच हवा, कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या बाजूही. चूक होते ती सिमेंटचा माल पोकळीत पडण्यानं. साठलेला माल बाहेरची ओल आणि धग आतल्या विटेपर्यंत नेतो. बांधताना पोकळीवर पट्टी धरायला लावा. विजेचे पाइप, स्विच बोर्ड कुठे येणार तेही आधी ठरवा, नंतर भिंत फोडली तर पोकळीच्या भिंतीत भोकं पडतात.

वीट घेताना एक वजन करा, चोवीस तास बुडवून पुन्हा वजन करा. तीन किलोची वीट भिजून ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर ती गाडी परत पाठवा.

आता छप्पर, कारण सगळं ऊन त्यावरच पडतं. स्लॅबवर विटेच्या तुकड्यांचा कोबा टाका, सरासरी चार इंच. पण कोब्याचं वजन चौरस फुटाला १८ ते २० किलो होतं, म्हणून स्लॅब टाकण्याआधीच इंजिनिअरला सांगा, स्लॅब आणि सळ्या त्या हिशेबानं धरल्या पाहिजेत. चार इंची स्लॅबवर नंतर कोबा टाकायचा, असं करू नका. कोब्याला शंभराला एक उतार, भिंत आणि स्लॅबच्या सांध्याला गोल वाटा (कोपरा गोलाईत भरायचा), आणि वर पांढऱ्या तुटक्या टाइल्स चिकटवा. कोबा झाला की सात दिवस पाणी साठवून ठेवा आणि खाली छताला ओल येते का बघा. टाइल्स त्यानंतरच. पांढरा रंग ऊन परतवतो, कोबा उरलेलं आत उतरू देत नाही, दोन्ही लागतात. पैसे कमी पडले तर टाइल्स पुढच्या वर्षी. तोवर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या: दहा किलो चुना रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, वीसेक लिटर पाण्यात अर्धा लिटर फेविकॉल घालून. पावसानं तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षीचं काम आहे.

जुनी कवेलू (कौलं) फेकू नका, आई. चांगली निवडून ओसरीवर घाला, समोर सहा-सात फूट. सेवाग्रामची गांधीजींची बापू कुटी तुम्हाला नवी नाही. १९३६ पासूनच्या त्या आश्रमात भिंतीपर्यंत ऊन पोचूच द्यायचं नाही, हेच केलेलं आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावरच्या शंकूच्या आकाराच्या नळ्यांचं छप्पर विकसित केलं आहे. छपरी बांधायची असेल तर एकदा चौकशी करा.

खिडक्या दक्षिणेला आणि उत्तरेला, समोरासमोर. चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा: मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन आत येणार नाही, आणि डिसेंबरमध्ये सूर्य खाली असल्यानं खालच्या अर्ध्या काचेतून येईल. तुम्हाला थंडीत ते हवंच असतं. कुलर उत्तरेच्या खिडकीत, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. बंद खोलीत कुलर चालवला की थोड्या वेळात गारवा जाऊन नुसता दमटपणा उरतो.

पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. जुना ७५ वॅट, हा ३० ते ३५. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १४ युनिट वाचतात.

सोलर घर झाल्यावर. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजारांचं अनुदान आहे, आणि १ किलोवॅटचे रोज सरासरी चार युनिट धरा. पण एक सांगून ठेवते: बॅटरी नसलेलं ऑनग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेलं, सोलर लाइन गेली की बंद पडतं, भर उन्हातही. विकणारे हे आपणहून सांगत नाहीत.

छपराचं पाणी वाया घालवू नका. ९०० चौरस फुटांवर वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर वाया जाणारं वजा करूनही ६० हजार लिटर होतं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून बाकीचं जाळीतून विहिरीत. शोषखड्डा करायचा तर पायापासून पाच मीटर लांब, कारण वर सांगितलेलीच काळी माती.

बाबा, खड्डा खोदला की मुरूम किती फुटांवर लागला ते चारही कोपऱ्यांवर टेपनं मोजा आणि मला कळवा. कोपऱ्याकोपऱ्यात फरक निघेल. तोवर सळ्यांची ऑर्डर देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करो.

तुमची,
मुलगी

ता. क. आई, न्हाणीचा उंबरा अर्ध्या इंचापेक्षा उंच नको आणि दार तीन फूट रुंद. हे नकाशात आत्ताच पेन्सिलनं लिहून घे, नंतर चौकट बसली की कोणी बदलत नाही.