वाड्यांतील चिनी मातीची रिळे राडारोड्यात टाकू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतले जुने वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, दरवाजे आणि पितळी कड्या यांना गिऱ्हाईक सहज मिळते. जुन्या वायरिंगची चिनी मातीची रिळे मात्र राडारोड्याबरोबर गाडीत जातात. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर चालवल्या जाणाऱ्या रेडिओ संदेशवहनाचा, परवानाधारक या नात्याने त्या रिळांसाठी मी ही विनंती करीत आहे.

४० मीटरच्या पट्ट्यासाठीचा (म्हणजे सुमारे ४० मीटर लांबीच्या रेडिओलहरींसाठीचा) साधा डायपोल अँटेना म्हणजे मध्यभागी विभागलेली सुमारे २० मीटर तांब्याची तार. या तारेच्या मध्यावर विद्युतप्रवाह सर्वाधिक असतो आणि टोकांवर व्होल्टेज सर्वाधिक. १०० वॅटचा ट्रान्समीटर असला तरी टोकाशी कित्येकशे व्होल्ट असतात. टोकाची तार थेट दोरीला बांधली, तर पावसात भिजलेल्या दोरीतून ऊर्जा गळू लागते. तार आणि दोरी यांच्यामध्ये इन्सुलेटर, म्हणजे वीज न वाहू देणारा तुकडा, हवा तो यासाठी, आणि झिलईदार चिनी माती हे काम उन्हापावसात वर्षानुवर्षे करते. झिलई उडालेले रीळ मात्र घेऊ नये, कारण खरखरीत भागावर धूळ बसते आणि ओल टिकून राहते.

रिळे मिळत नसतील तर इन्सुलेटर घरीही करता येतो. पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, दोन्ही टोकांपासून दोन-अडीच सेंटिमीटर आत भोके पाडावीत आणि त्यांच्या कडा कानशीने गोल कराव्यात, नाहीतर वाऱ्यात हलणारी तार त्याच कडेवर तुटते. भोक कडेच्या फार जवळ पाडण्याची चूक मी स्वतः केली होती. उत्तरायणात कुणाचा तरी मांजा अँटेनात अडकला, ओढ बसली, पाइप भोकापाशी फाटला आणि अख्खी तार शेजाऱ्यांच्या गच्चीवर पडली. भाजी चिरण्याच्या जुन्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फळीचे तुकडे याहून चिवट निघतात. पीव्हीसी उन्हाने कालांतराने ठिसूळ होतो, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी तो तपासावा. मधल्या इन्सुलेटरवर व्होल्टेज कमी असले तरी रेडिओपासून अँटेनापर्यंत येणाऱ्या केबलचे सगळे वजन त्याच्यावर येते. तो जाड असावा आणि केबलचे उघडे टोक नीट बंद करावे, कारण आत शिरलेले पाणी केबलमधल्या तारांच्या जाळीतून खाली झिरपत जाते.

२००१ च्या कच्छच्या भूकंपात हॅम मंडळींनी संदेशवहनाला मोठा हातभार लावला होता, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आपल्याच शहरात शिरले. अशा वेळी बाजारातून अँटेना मागवायला सवड नसते; हाताशी असलेल्या वस्तूंतून तो तासाभरात उभारणारी माणसे शहरात असावी लागतात. परवान्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हे काम प्रत्यक्ष हातांनी करायला मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

म्हणून वाडा उतरवणाऱ्या घरमालकांनी रिळे वेगळी काढून ती जवळच्या हॅमला किंवा शाळेतील विज्ञान शिक्षकांना द्यावीत. वाड्याचा वीजपुरवठा तोडल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री होईपर्यंत एकाही रिळाला हात लावू नये, आणि नवा अँटेना विजेच्या तारांच्या आसपासही बांधू नये.

आपला,
एक हॅम वाचक,
दांडिया बाजार, बडोदे