अजब कायदे छापा, पण कलमासकट

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अधूनमधून ‘जगातले अजब कायदे’ अशी चौकट असते. आमच्याकडे ती चहासोबत मोठ्याने वाचली जाते, हसाहशीही होते. तक्रार त्याबद्दल नाही. पण त्या चौकटीत ना कायद्याचं नाव असतं, ना साल, ना कलम. मग खरं कोणतं आणि कुणी रचून सोडलेलं कोणतं, हे वाचकाने ओळखायचं कसं?

‘ब्रिटिश संसदेत मरायला बंदी’ हे तर अशा याद्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. २००७ साली तिकडच्या एका टीव्ही वाहिनीने कौल घेतला, तेव्हा लोकांनी याच कायद्याला हास्यास्पदपणात पहिला नंबर दिला. पुढे इंग्लंडच्या विधी आयोगाने अशा दंतकथांची छाननी केली, तर असा कायदा असल्याचा पुरावाच मिळाला नाही! नाताळला मिन्स पाय (सुकामेव्याचं सारण भरलेला गोड पदार्थ) खाणं हा तिकडे आजही गुन्हा आहे, ही थापही त्याच पंगतीतली. मात्र संसदेत चिलखत चढवून यायचं नाही, हा १३१३ सालचा फतवा अस्सल असून अजून रद्द झालेला नाही.

गंमत अशी की मरायला बंदी खरोखर झाली, ती फ्रान्समध्ये. २००८ साली सारपुरेंक्स या छोट्या गावाच्या महापौरांनी हुकूम काढला: ज्याची स्मशानभूमीत जागा राखीव नाही, त्याने गावच्या हद्दीत मरायचं नाही, नाहीतर कडक शिक्षा. कुणाला, ते विचारू नका. स्मशानभूमी भरली होती, ती वाढवायला शेजारची जमीन मिळत नव्हती आणि कोर्टातही दाद लागली नव्हती. वैतागलेल्या माणसाने सरकारी कागदावर काढलेला तो चिमटा होता. हे कारण गाळलं की उरतो नुसता वेडा महापौर.

सिंगापूरच्या च्युइंगगमचंही तेच. ‘चघळाल तर तुरुंगात जाल’ असं सर्रास छापलं जातं. १९९२ मध्ये बंदी आली ती गम आयात करण्यावर आणि विकण्यावर, चघळण्यावर नव्हे. तिथली मेट्रो १९८७ मध्ये सुरू झाली. टवाळखोर पोरं चघळलेला गम डब्याच्या दरवाजाच्या सेन्सरवर चिकटवायची, दार नीट लागायचं नाही आणि गाड्या रखडायच्या. लोकल दोन मिनिटं उशिरा आली तरी आपला जीव वरखाली होतो, त्यामुळे मला तरी हा कायदा फारसा विनोदी वाटत नाही. २००४ पासून औषधी गम मिळतो, तोही औषधविक्रेत्याकडे नाव नोंदवून.

ब्रिटनच्या १९८६ च्या सॅमन कायद्याचं ३२ वं कलमही असंच. ‘संशयास्पद परिस्थितीत सॅमन मासा हाताळणे’ हा गुन्हा! वाचताना डोळ्यांसमोर कोटाच्या आत मासा लपवलेला इसम येतो. कलमाचा रोख आहे तो चोरून पकडलेला मासा घेणाऱ्या-विकणाऱ्यांवर. चोरीचा माल घेणाऱ्याला आपणही सोडत नाहीच.

आणि सगळी गंमत परदेशातच शोधायची काय गरज? १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आपल्याकडे आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर त्याची लेखी खबर कलेक्टरला द्यायची. त्या काळी दहा रुपये ही मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात कटिंगही मुश्किलीने येतो, पण आकडा तोच. महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा तर याहून बहारदार. त्याचं नाव अजून दारूबंदीच, आणि त्याखालीच राज्यभर परवानाधारक दुकानं आणि बार चालतात. पिणाऱ्यालाही स्वतःचा परवाना लागतो, एका दिवसाचा किंवा आयुष्यभराचा. थर्टी फर्स्ट जवळ आला की एकदिवसीय परवान्यांच्या बातम्या आपणच छापता.

तेव्हा दहा कायद्यांऐवजी तीनच छापा, पण कायद्याचं नाव, साल, कलम आणि तो कशापायी झाला याच्या दोन ओळी द्या. पुढच्या चौकटीची सुरुवात या परवान्यापासून केलीत तर उत्तम. ती वाचून हसणाऱ्या किती जणांच्या पाकिटात तो असेल, याचा अंदाज आपल्या वार्ताहरांना असेलच.

– एक नियमित वाचक, सांगली