हप्त्याची तारीख पक्की, तासांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला पैशांच्या नियोजनाचा कॉलम मी न चुकता वाचतो, लिहिणाऱ्यांना विषय कळतो यात शंकाच नाही, पण दर वेळी सुरुवात ठरलेली, पगार झाला की आधी वीस टक्के बाजूला काढा. अहो, कुठला पगार? आमच्यासारख्या तासावर काम करणाऱ्यांना एका आठवड्यात डबल शिफ्ट आणि पुढच्या आठवड्यात मेसेज येतो की उद्या येऊ नका. वीस टक्के नेमके कशाचे काढायचे ते तरी सांगा.

माझं म्हणणं असं की तासावरच्या माणसाने हिशोब सरासरीवर करायचाच नाही. गेल्या वर्षातला सगळ्यात पडेल महिना पकडायचा आणि भाडं, हप्ते, रिचार्ज, घरी द्यायचे पैसे, जे जे ठरलेलं आहे ते सगळं त्या महिन्याच्या कमाईत बसतंय का बघायचं. नसेल बसत तर नवीन हप्ता घ्यायचाच नाही. ज्या महिन्यात तास जास्त मिळतात तेव्हाचा वरचा पैसा वेगळ्या खात्यात टाकायचा, त्याला बचत म्हणू नका, काम नसलेल्या महिन्याचा तो आपलाच पगार आहे. (ज्यांचा पडेल महिना भाड्यालाही पुरत नाही त्यांना हा सल्ला देऊन काही उपयोग नाही, तिथे प्रश्न नियोजनाचा नाहीच, मजुरीचा आहे.)

कर्ज होतं ते बहुतेक उलटं वागल्याने. दोन महिने ओव्हरटाइम जोरात चालला की माणूस त्या आकड्यावर गाडी उचलतो, तिसऱ्या महिन्यात ओव्हरटाइम बंद, आणि हप्ता मात्र तारखेला हजर. खात्यात पैसे नाहीत, हप्ता बाउन्स, मग बँक वेगळे चार्जेस लावते आणि कर्ज देणारा वेगळे, ते भरायला परत ॲपवरून झटपट कर्ज, तिथे लिहिलेलं असतं फक्त 5 टक्के फी. 15 दिवसांसाठी 5 टक्के म्हणजे महिन्याला 10 आणि वर्षाला 120 टक्के झाले, तेही चक्रवाढ न धरता! क्रेडिट कार्डचं मिनिमम ड्यू, म्हणजे दरमहा कमीत कमी भरायची रक्कम, पण तसंच फसवं. महिन्याला 3 टक्के व्याज असेल आणि तुम्ही दरमहा बाकीच्या फक्त 5 टक्के भरत राहिलात तर नवीन काहीही खरेदी न करता सुद्धा बाकी निम्मी व्हायला अडीच वर्षांच्या वर लागतात.

फ्लॅट रेटबद्दल तर आपण एकदा छापाच. 12000 एका वर्षासाठी 12 टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज 1440, ऐकायला ठीक वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 12000 वरच लावलेलं, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. सही करण्याआधी फ्लॅट की रिड्युसिंग (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज) एवढं विचारलं तरी समोरच्याचा सूर बदलतो.

दुसरं म्हणजे तास स्वतः लिहून ठेवा, आत कधी गेलो, बाहेर कधी पडलो, रोजच्या रोज मोबाईलमध्ये. मधल्या सुट्टीचा अर्धा तास कापतात आणि त्या अर्ध्या तासात पण काम करून घेतात, असं 26 दिवस चाललं तर 13 तास फुकट गेले, म्हणजे आठ तासांच्या दीड शिफ्टपेक्षा जास्त. आपण तेवढ्याच रकमेसाठी कोणाकडून तरी हातउसने मागत बसतो. स्लिप घेऊन भांडायला गेलं की तोंडी हिशोब कोणी ऐकत नाही, तारीखवार लिहिलेला असेल तर ऐकावा लागतो.

आणि ज्यांचे हप्ते आधीच चालू आहेत त्यांनी पैसे कमी पडणार असं दिसल्याबरोबर, बाउन्स व्हायच्या आधी, कर्ज देणाऱ्याला फोन करावा. आपले पैसे 10 तारखेला येत असतील आणि हप्ता 5 ला कापला जात असेल तर तारीख पुढे घ्यायची विनंती लेखी द्यावी, काही ठिकाणी ऐकतात. वसुलीवाल्याचा फोन सुरू झाल्यावर तीच विनंती कोणी मनावर घेत नाही.

आपला,
तासावर काम करणारा एक वाचक