आईचा पहिला ‘नाही’

प्रिय मुली,

तुझं नाव इथे लिहीत नाही. जिला कळायचं तिला कळेलच, आणि तुझ्या मॅडमनाही कळेल. वयाने माझ्या लेकीएवढी आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विभागाच्या पुनर्वसन केंद्रात तू माझ्या आईची स्पीच थेरपी केलीस. तुझं ते शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं. निरोपाच्या दिवशी मी नुसतं ‘थँक यू’ म्हणून निघाले, कारण गळा दाटून आला होता आणि पुढचं काही बोलवेना. राहिलेलं आता लिहिते. चारचौघांत लिहिते, कारण आमच्या बाबतीत जे वाईट झालं तेही चारचौघांतच झालं होतं.

आईला स्ट्रोक आला तेव्हा हॉस्पिटलने तिचा जीव वाचवला. ते ऋण मी विसरणार नाही. पण जीव वाचल्यावर, उजवी बाजू लुळी पडलेल्या आणि शब्द हरवलेल्या बाईशी कसं वागायचं, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. राउंडला येणारे तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे. “पेशंटला काही समजतं का?” हा प्रश्न तिच्या पलंगाशी उभं राहून, तिच्यासमोर, मला विचारला जायचा. काही जण तिच्या कानाशी येऊन ओरडून बोलायचे. तिचे कान शाबूत होते! पुढे एका ठिकाणी बोलण्याचा सराव घ्यायला नेलं, तर लहान मुलांची चित्रं समोर धरून “म्हणा आजी, चेंडू, चेंडू” असं बोबड्या आवाजात सुरू झालं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेली बाई ती. जिची सही झाल्याशिवाय ऑफिसातला कागद पुढे सरकत नसे. दुसऱ्या वेळी ती आत जायलाच तयार होईना, तर तिथे काय ऐकायला मिळालं? “सहकार्य करत नाहीत.” वर हेही सांगून टाकलं की तीन महिन्यांत जे व्हायचं ते होतं, आता फार आशा ठेवू नका.

अशा मन:स्थितीत आम्ही तुमच्याकडे आलो.

तुमचं केंद्र शिकवण्याचं. उपचार विद्यार्थी करणार, शिक्षक देखरेख ठेवणार, आणि त्याला पेशंटची लेखी संमती हवी. कागद दिसला तसा मी हात पुढे केला. आईच्या वतीने सह्या करणं एव्हाना माझं कामच झालं होतं. तू कागद मला दिला नाहीस. “आधी आजींशी बोलते,” म्हणालीस, खुर्ची ओढलीस आणि तिच्या समोर, तिच्या नजरेच्या पातळीवर बसलीस.

तो कागद मला अजून दिसतो. मोठी ठसठशीत अक्षरं, एका ओळीत एकच गोष्ट आणि शेजारी साधं रेखाचित्र. एका चित्रात टेबलाशी बसलेली मुलगी आणि मागे उभ्या शिक्षिका. दुसऱ्यात कॅमेरा. प्रत्येक चित्रापुढे दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’. तू बोट ठेवून एकेक ओळ वाचलीस. सावकाश, पण मोठ्या माणसाशी बोलावं तशी. आणि प्रत्येक ओळीनंतर थांबलीस.

थेरपीच्या ओळीपुढे आईने बोट ‘हो’वर ठेवलं. कॅमेऱ्याच्या ओळीपुढे तिचं बोट बराच वेळ अधांतरी राहिलं, मग ‘नाही’वर टेकलं. त्या काळात आईच्या तोंडी दोनच शब्द उरले होते, “हो ना”. भूक लागली तरी “हो ना”, दुखलं तरी “हो ना”, नको असलं तरीही “हो ना”. त्यामुळे सगळे जण तिचा होकारच धरून चालायचे. तू तसं केलं नाहीस. खात्री करायला उलटं विचारलंस, “म्हणजे व्हिडिओ काढू?” आईने कागद हाताने दूर ढकलला. तू मान हलवलीस, त्या ओळीवर तिच्यादेखत रेघ मारलीस आणि म्हणालीस, “व्हिडिओ नाही. नक्की.” माझ्याकडे वळून पाहिलंही नाहीस. त्या रेकॉर्डिंगचा तुला अभ्यासाला उपयोग झाला असता, हे मला नंतर कळलं. तू पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाहीस.

मग आईने डाव्या हाताने सही केली. तिला खूप वेळ लागला, आणि तेवढा वेळ तू नुसती बसून राहिलीस. आजारपणानंतर माझ्या आईला कुणी काही विचारलं, आणि तिने नको म्हटलेलं कुणी मानलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

परत येताना ती गाडीत ताठ बसली होती. तिला तसं बसलेलं मी किती दिवसांनी पाहिलं!

वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच हरवणं, ज्याला तुम्ही अ‍ॅफेजिया म्हणता, तो काय असतो हे मला तुमच्याकडेच नीट उमगलं. स्ट्रोक झालेल्या साधारण दर तिघांपैकी एकाला तो होतो, असं तुझ्या मॅडमनी सांगितलं. बहुतेकांची भाषेची केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात, म्हणून उजवा हात-पाय आणि बोलणं अनेकदा एकदमच जातं. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये डॉक्टर पॉल ब्रोका यांनी अशाच एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला होता. त्याला फक्त ‘तान’ एवढंच म्हणता यायचं, पण आपल्याशी बोललेलं बरंचसं समजायचं. हे ऐकलं तेव्हा आईच्या “हो ना”कडे मी नव्याने पाहिलं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या लक्षात आलेली गोष्ट, की बोलता न येणं म्हणजे समज नसणं नव्हे. मग तिच्या पलंगाशी उभं राहून तो प्रश्न मला का विचारला जात होता?

शब्द अडकला की आईचा चेहरा लाल व्हायचा. तेव्हा तू म्हणायचीस, “तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे, आजी. शब्द तेवढा अडकलाय.” आणि कागद-पेन पुढे सरकवायचीस. मला वाटायचं हा तुझा गोड स्वभाव. तो आहेच. पण यामागे शास्त्रही आहे, कॅनडातल्या स्पीच थेरपिस्ट ऑरा केगन यांनी ही पद्धत बांधली आणि घरच्यांनाही ती शिकवता येते, हे मॅडमनी समजावलं. मग तू आम्हालाच शिकवलंस: एका वेळी एकच प्रश्न, टीव्ही बंद, महत्त्वाचा शब्द लिहून दाखवायचा, आणि तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. हे शेवटचं माझ्या भावाला फार जड गेलं. आता तो हाताची घडी घालून, ओठ मिटून बसतो आणि आई तिचं तिचं बोलते.

तीन महिन्यांचं ते जे भाकीत होतं, त्यावर मॅडमनी दिलेलं उत्तर इथे मुद्दाम लिहिते, कारण तसलं भाकीत ऐकून हताश झालेली घरं बरीच असतील. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने होते हे खरं. पण त्यानंतर दार बंद होत नाही. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत वाचाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या लोकांना तीन आठवडे भरपूर थेरपी दिली गेली आणि रोजच्या व्यवहारातलं त्यांचं बोलणं सुधारलं. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. म्हणजे ज्यांनी आम्हाला आशा सोडायला सांगितली, त्यांनी निदान वाचायला तरी हवं होतं.

तुझ्या फिजिओथेरपीच्या मैत्रिणीलाही माझा नमस्कार सांग. आईचा उजवा खांदा इतका का दुखतो, हे तिने पहिल्याच तपासणीत ओळखलं. स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली ओढला जातो, आणि आईला उठवताना तर सगळे त्याच हाताला धरून खेचायचे. त्या मुलीने हाताखाली उशी कशी ठेवायची, उठवताना धडाला कुठे धरायचं, हे आमच्याकडून करून घेतलं. पण त्याआधी आईला विचारलं, “हात उचलू का?” तुम्हा सगळ्यांना हे कुणीतरी शिकवलं आहे, आणि ज्यांनी शिकवलं त्यांचे पाय धरावेसे वाटतात. सभ्यपणाही शिकवता येतो, वर्गात आणि पेशंटसमोर, मागे उभं राहून, चुकलं तिथे हळूच सांगून, हे मी तिथल्या बाकावर बसून पाहिलं.

जगात साधारण २४० कोटी लोक अशा दुखण्यांसह जगतात ज्यांत पुनर्वसनाचा उपयोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या काही देशांत तर गरज असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ती सेवा मिळतच नाही. मला त्या आकड्यात गप्प बसवलेली माणसं दिसतात. अगदी हुशार, हिशेबी, तापट, प्रेमळ माणसं, ज्यांच्या वतीने दुसरंच कुणीतरी सही करतंय. विद्यापीठांनी अशी केंद्रं चालवली की विद्यार्थ्यांना शिकायला मिळतं आणि या माणसांना वेळ मिळतो. मोठ्या हॉस्पिटलात सगळं होतं, यंत्रं होती, तज्ज्ञ होते. वेळ मात्र कुणाकडे नव्हता.

सत्र संपल्यावर तू पुढच्या तुकडीच्या मुलाला घेऊन आलीस. फाइल त्याच्या हातात देऊन जाता आलं असतं तुला. पण आईलाच म्हणालीस, “आजी, याला सांगा, काय केलं की तुम्हाला बरं पडतं.” आणि आईने सांगितलं. “हळू.” मग बोटाने कागद दाखवला. मग थोडं थांबून, “ओरडू... नको.” तो मुलगा वहीत लिहून घेत होता. त्याचं छान चाललं आहे, काळजी करू नकोस. तोही आईलाच आधी विचारतो.

आईचं बोलणं अजून तुटक आहे. फोनवर तिला जमत नाही, रागावली की शब्द अजिबात येत नाहीत. पण बँकेच्या कागदांवर ती आता स्वतः सही करते, आणि पटलं नाही तर पेन खाली ठेवते.

तुझ्या मॅडमना माझं हे पत्र वाचून दाखव. आणि नोकरी कुठे लागली ते कळव. आईला तुझं नाव अजून नीट घेता येत नाही. ती खुर्ची ओढल्याची खूण करते आणि विचारते, “ती?” काय सांगू तिला?

तुझ्या आजींची मुलगी